होईल, होणार, झालं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी हो म्हटलं. तयारीला बसले, चार मुद्दे काढले आणि खोडले. एआयवर तुम्ही रोज मोबाईलवर ऐकताच. इथं बाई समोर बसल्यात म्हटल्यावर मला त्यांच्याच तासाला शिकलेल्या एका गोष्टीवर बोलावंसं वाटलं. ती गोष्ट म्हणजे क्रियापदाचे काळ आणि अर्थ.

मागच्या बाकांवरून आत्ताच "आगं बाबो" असा आवाज आला. दहावीलाही तिथूनच यायचा.

१९९६ ची आपली दहावी. फळ्यावर बाईंनी तक्ता काढलेला असायचा. एका बाजूला वर्तमान, भूत, भविष्य. दुसऱ्या बाजूला चार अर्थ: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आपण ते पाठ केले, वाळंब्यांच्या पुस्तकातून उदाहरणं घोकली आणि परीक्षेत दोन मार्क मिळवले. स्वार्थ म्हणजे आपमतलबी नव्हे, हे कळायला माझी सहामाही गेली. क्रियापद नुसती हकिकत सांगतं तो स्वार्थ. हुकूम, विनंती सांगतं तो आज्ञार्थ. करावं, व्हावं असं म्हणतं तो विध्यर्थ. आणि ‘असं झालं असतं तर तसं झालं असतं’ हा संकेतार्थ. काळ सांगतो कधी घडलं, अर्थ सांगतो बोलणाऱ्याच्या मनात काय आहे. बाईंनी हे वाक्य तेव्हा नक्की सांगितलं असणार. मला ते वीस वर्षांनी ऐकू आलं.

खरं तर आपल्याला हे सगळं तोंडी येतच होतं. आठवा, मधली सुट्टी संपल्यावर आपण वर्गाच्या दारात उभे असायचो. एकजण व्हरांड्याच्या टोकाला पहाऱ्यावर. "बाई आल्यात" असं तो म्हणाला की सगळे आत पळायचे. "बाई आल्यात म्हणं" म्हणाला तर कुणी हलायचं नाही, कारण ती ऐकीव बातमी. "येत असतील" म्हणजे अंदाज, अजून एक डाव होईल. "येणार न्हाईत आज" म्हणाला की त्याला विचारायचं, कुणी सांगितलं तुला? एवढ्याशा क्रियापदावर आपण ठरवायचो की पळायचं का थांबायचं.

पुढं एका प्रकल्पात इस्तंबूलच्या लोकांबरोबर काम केलं तेव्हा कळलं की तुर्की भाषेत हा फरक थेट प्रत्ययातच आहे. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मला ठाऊक आहे. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे. त्यांना याचा फार अभिमान. मी म्हटलं, आमच्या कोडोलीत एक ‘म्हणं’ लावला की काम होतं.

आता पुण्याची गोष्ट. इंजिनिअरिंगला गेले, होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलींना म्हटलं, "मी जेवून येतो." त्या हसून लोळल्या. आपल्याकडं बाईमाणूसही ‘येतो, जातो, करतो’च म्हणतं, हे इथं कुणाला सांगायला नको. तिथं मात्र मी चार वर्षं ‘कोल्हापूरची येतो’ होते. महिनाभरात शिकले ‘येते, जाते, करते’. ‘काय करालाईस’चं ‘काय करतेयस’ केलं. दिवाळीला घरी आले आणि निघताना आजीला म्हटलं, "येते गं." आजी म्हणाली, "कुणाच्या घरचं बोलालीस?"

आमच्या आजीचा अजून एक नियम होता, तुमच्याही घरी असेल. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. एकदा घाईत एस.टी. गाठायची म्हणून मी ‘जातो’ म्हणून उंबरा ओलांडला, तर तिनं स्टँडपर्यंत माझ्या भावाला पिटाळलं. परत येऊन ‘येतो’ म्हणायला लावलं. एस.टी. गेली ती गेलीच. पुस्तकाच्या हिशेबानं ‘येतो’ हा साधा वर्तमानकाळ. आजीच्या हिशेबानं ते वचन होतं.

काळाचे हे असे घोळ आपल्या भाषेत पावलोपावली आहेत. न्हाणीघरातून ओरडणारा माणूस "आलो, आलो" म्हणतो, तेव्हा त्यानं साबणही लावलेला नसतो. पोरगं भिंतीवर चढलं की आई ओरडते, "पडलास बघ!" पडलेलं नसतं. भूतकाळाचं रूप आणि गोष्ट अजून घडायची. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९११ साली, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं. काळ आणि अर्थ यांचा त्यात केवढा काथ्याकूट आहे! रूप एक, काळ दुसरा, अर्थ तिसरा, हे कुठं बसवायचं यावर विद्वान भांडले. म्हणून तर रूपांना नुसत्या प्रत्ययावरून नावं पडली, ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात. तेव्हा मला ती औषधांची नावं वाटायची. आता प्रोग्रामर म्हणून पटतं. आधी दिसतं त्याला नाव द्यावं, ते काय काम करतं हे नंतर बघावं.

आता ज्याच्यासाठी उभी राहिले ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडं एक काम होतं. एका संस्थेकडून शेतकऱ्यांना मोबाईलवर मराठीत संदेश जाणार होते, अनुदानाच्या अर्जाबद्दल. संस्थेचं नाव सांगत नाही, तिची काही चूक नव्हती. इंग्रजी मजकुराचा अर्थ असा होता की पडताळणी झाल्यावर रक्कम २५ तारखेपर्यंत जमा होण्याची शक्यता आहे. भाषांतर करणाऱ्यानं ते तसंच, नीट केलं होतं. अडचण लांबीची होती. इंग्रजी अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरं बसतात. देवनागरीत फक्त ७०. आणि मोजणारं यंत्र आपल्यासारखं मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं धरतं. ‘शक्यता’ आपण तीन अक्षरी म्हणतो, यंत्र सहा मोजतं. ‘होण्याची’ची आठ. अर्जाचा क्रमांक, योजनेचं नाव घातलं की मजकूर ७० च्या वर जायचा आणि एका संदेशाचे दोन व्हायचे. दोन म्हणजे दुप्पट पैसे, हजारो लोकांना.

मी बसले कापायला. ‘होण्याची शक्यता आहे’ याच्या जागी ‘होईल’ लिहिलं. १५ अक्षरं वाचली. ‘पडताळणीनंतर’ काढलं, आणखी १२. संदेश एकात बसला. साहेबांनी शाबासकी दिली. मलाही आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

त्या महिन्याच्या शेवटी वडिलांचा फोन आला. आमच्या गल्लीतल्या एका काकांना तो संदेश गेला होता. "रक्कम २५ तारखेपर्यंत जमा होईल." काकांनी खताच्या दुकानदाराला पंचवीस तारखेचा शब्द दिला, आधीची उधारी आणि नवी पोती मिळून. पंचवीस तारीख गेली. पडताळणीच झाली नव्हती. पैसे आले सात आठवड्यांनी. मधल्या काळात दुकानदारानं चार लोकांसमोर काकांना सांगितलं की आता उधारी बंद. ज्यांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडला नाही त्यांना हे ऐकून घ्यावं लागलं. आणि वडील मला विचारत होते, "तू असलीच कामं करतीस न्हवं? कुणी लिवलं असंल गं ते?"

मी लिहिलंय, असं मी त्या दिवशी म्हणाले नाही. म्हणाले, "बघते." आता बघा, ‘बघते’ हेसुद्धा कसलं क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘बघत नाही’ असाही होतो.

पुढच्या सुट्टीत आले तेव्हा काका आमच्या सोप्यावर बसलेले. त्यांनी मोबाईल काढून दाखवला, संदेश जपून ठेवला होता. म्हणाले, "होईल लिवलंय. होईल म्हंजे होणारच न्हवं?" माझी आई आतून म्हणाली, "होईल म्हंजे होईल, बघू. होणार असं कुठं लिवलंय?" आणि दोघांची जुंपली. मी मध्ये बसून ऐकत होते. दोघांचंही बरोबर होतं. ‘तो आता घरी असेल’ म्हणतो तेव्हा ‘असेल’ हा भविष्यकाळ नसतो, अंदाज असतो. ‘होईल की’ म्हणतो ते समजूत काढायला. पण सरकारी कागदासारख्या दिसणाऱ्या संदेशात, तारखेच्या शेजारी ‘होईल’ आलं की ते वचन होतं. आईनं घरातलं ‘होईल’ वाचलं, काकांनी कागदावरचं.

आपल्याकडं यात किती पायऱ्या आहेत ते मी त्या रात्री वहीत लिहून बघितलं. कुणाच्या तरी घरात दिवा लागलाय. घरी आहे. घरी असणार. घरी असेल. घरी असावा. घरी असायला पाहिजे. प्रत्येकात खात्री एकेक पायरी उतरते, आणि ‘पाहिजे’वर आलो की उलट शंकाच यायला लागते. हे ‘पाहिजे’ही मोठं मजेदार आहे. मुळात ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप, म्हणजे पाहिलं जातं, शोधलं जातं. जे शोधतोय ते हवं असतं, म्हणून पाहिजे. आपण उठसूट ‘म्हणजे’ म्हणतो तेही याच साच्यातलं, ‘म्हणिजे’, असं म्हटलं जातं. जुन्या मराठीत अशी कितीतरी रूपं होती, आपल्या रोजच्या तोंडात मुख्यतः ही दोन राहिली. एक मागण्याचं आणि एक समजावण्याचं, बायकोचं आणि नवऱ्याचं असं आमचे एक सर म्हणायचे. कोण ते सांगत नाही, ते हसतायत.

तर काकांना मी खरं सांगितलं. मी लिहिलं होतं काका, जागा कमी पडत होती म्हणून. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "झालं की सांगा. होईल ते नका सांगू." पुण्याला जाऊन मी तोच बदल केला. ‘तपासणी चालू आहे, मंजूर झाल्यावर कळवू’ असा एक, आणि पैसे खरोखर जमा झाल्यावर ‘जमा झाले’ असा दुसरा. संदेश दोन झाले, पैसे दुप्पट झाले, वर भांडावं लागलं. मी सोप्यावरची हकिकत जशीच्या तशी बैठकीत सांगितली. मंजूर झालं.

या गावाला ते नवीन नव्हतं, हे मला नंतर आठवलं. १९९८ साली वारणा परिसरातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं निघाली. ऊस किती गेला, बिल किती निघालं हे गावातच बघायची सोय झाली. आपल्यातले बरेचजण तिथं संगणक बघायलाच जायचे, मीही गेले होते. आता वाटतं, तिथं लोक गर्दी करायचे ती कशाला? पडद्यावर ‘गेला’ आणि ‘निघालं’ दिसायचं म्हणून.

अजून एक सांगते, कारण इथं आयटीतले पाच-सहाजण आहेत. आपल्या ऑफिसात नव्या पोरांची तक्रार येते, "सर, प्रोग्राम चालत नाही." मी विचारते, चालत नाही का चालेना? बंगळूरची मंडळी माझ्याकडं बघत बसतात. आपल्याला फरक माहीत आहे. ‘दार उघडत नाही’ ही दाराची माहिती. ‘दार उघडेना’ म्हणजे मी जोर लावलाय, खांदा लावलाय, तरी नाही. ‘चालेना’ म्हटलं की पुढचे तीन प्रश्न वाचतात. तसंच ‘मला लिहिता येत नाही’, ‘मी लिहू शकत नाही’ आणि ‘मला लिहवत नाही’. पहिल्यात शिकलो नाही, दुसऱ्यात काहीतरी आड आलंय, आणि तिसऱ्यात हात आहे, पेन आहे, येतंही, पण मन घेत नाही. हे ‘लिहवत नाही’ म्हणजे पुस्तकातलं शक्य क्रियापद. बाई, तुम्ही त्याला एकच मार्क ठेवायचात.

ऑगस्ट २०१९. तो महापूर आपण कुणीच विसरणार नाही. आजी अंथरुणाला खिळलेली होती. आधी वडिलांचा फोन आला, "सवड काढून ये." मी म्हटलं, शनिवारी येते. दोन दिवसांनी फोन, "लगेच ये." मी बॅग भरली. तोवर पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं, कोल्हापूरकडं येणाऱ्या गाड्या अलीकडंच अडवत होते. मग वडीलच म्हणाले, "आता येऊ नको. वारणाबी फुगलीया." संध्याकाळी आईनं फोन आजीच्या कानाला लावला. तिला बोलवत नव्हतं. मीच बोलले. म्हटलं, "आजी, येतो."

ती पहाटे गेली. रस्ता सुरू झाल्यावर मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. घरात कुणी मला काही बोललं नाही. फक्त थोरल्या आत्यानं पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "आधी आली असतीस तर भेटली असती गं." फळ्यावर चौथ्या ओळीत असायचा, संकेतार्थ. त्याचं उदाहरण मला आता पाठ करावं लागत नाही. ‘सवड काढून ये’ आणि ‘लगेच ये’ यांत मी फरक ऐकला नव्हता. दोन्ही आज्ञार्थच, पण पहिल्यातही वडिलांना ‘लगेच’च म्हणायचं होतं. पोरीची नोकरी आहे म्हणून ते पोटात ठेवून बोलले. ते मला ऐकू यायला हवं होतं.

तेव्हापासून वडिलांचा फोन आला की ते कुठलं क्रियापद वापरतात याकडं माझे कान असतात. "बरं हाय" म्हणाले तर ठीक. "बरं असतंय की" म्हणाले की मी तिकीट काढते.

माझी मुलगी पुण्यात वाढली, इंग्रजी शाळेत शिकते. तिला मी व्याकरण शिकवत नाही, तिला ते आवडतही नाही. पण परवा इकडं यायला निघालो तेव्हा शेजारणीला ती म्हणाली, "काकू, आम्ही येतो." शेजारीण म्हणाली, "अगं, जाताय ना?" ती म्हणाली, "हो, म्हणूनच."

बाई, माझा वेळ संपला हे मला माहीत आहे. मघाशी मंडपातून निरोप आला की जेवण तयार आहे, म्हणून आवरतं घेणार होते. मग कळलं की निरोप ‘होईल इतक्यात’ असा होता, म्हणून आजीचं सांगून घेतलं. आता मागं उभे असलेले सर मान हलवतायत, म्हणजे झालेलं दिसतंय.

येतो.